निरगाठीचे टॉवेल

कुशिगाउरा, एहिमे
२९ नोव्हेंबर १९९६

ताई,

पत्राच्या सुरुवातीचं, रीतीचं हवामानाचं वाक्य लिहीत नाही. माझ्या पत्रात ते नसलं की तू रागावतेस, पण बाहेर ऊन आहे की पाऊस हेच आज मला माहीत नाही. पडदे ओढलेले आहेत, कारण कुंपणाशी कॅमेरे उभे आहेत.

फोन लागत नाही म्हणून घाबरू नकोस. तार मीच काढली. दिवसाला चाळीस-पन्नास फोन यायचे. काहीजण नुसता श्वास घेतात. एक बाई रोज सकाळी सातला “पोरीला कुठे पुरलंस?” एवढंच विचारते आणि ठेवून देते. आवाज चांगला घरंदाज आहे. पोलिसांनी दुसरा फोन बसवून दिलाय, त्याचा नंबर कुणाला द्यायचा नाही. तो फक्त चिनामीच्या बातमीसाठी. तो वाजत नाही.

आज सोळावा दिवस.

फोनवर तू सगळं तुकड्यातुकड्यांनी ऐकलंस, म्हणून एकदा सरळ लिहिते. पोलिसांना सांगून सांगून पाठच झालंय. चौदा तारखेला साडेतीनला शाळा सुटली. कियोहारू आणि मी बागेत संत्री तोडत होतो. शाळेतून ती थेट बागेतल्या कोठारात येते आणि पेटीवर बसून अभ्यास करते, हे तुला माहीत आहे. चारला दहा कमी असताना खालच्या वळणावर मला पिवळी टोपी दिसली, पहिलीतल्या सगळ्या मुलांची असते तशी. मी हात वर केला. मग टोपली रिकामी करायला वळले. कोठारापाशी आले तेव्हा चार वाजून सात मिनिटं झाली होती. दप्तर नाही, टोपी नाही, चिनामी नाही.

ती टोपी माझ्याशिवाय कुणीच पाहिली नाही. तिथून सगळं सुरू झालं.

गावच्या अग्निशमन पथकातल्या माणसांनी, शेजाऱ्यांनी, ऐन तोडणीत आपापल्या बागा सोडून दहा दिवस डोंगर पिंजून काढला. चोवीसला शोध थांबला. त्या दिवशी तू म्हणालीस, “बासष्ट घरांतली माणसं तुझ्यासाठी हिंडलीत, रिकाम्या हाताने बसू नकोस. टॉवेल दे, स्वतः जाऊन दे.” दुकानदाराने विचारलं, वर गाठ कसली घालू? मी पुन्हा तुला फोन केला. तू म्हणालीस, “सुरगाठ नको, ती पुन्हा पुन्हा घडावं अशा गोष्टींना. निरगाठ घाल, म्हणजे असं परत कधी घडणार नाही. आणि लाल दोरी नको, काही आनंदाचा प्रसंग नाही.” म्हणून पांढरी दोरी आणि निरगाठ. मला काही सुचत नव्हतं. तू सांगितलंस ते केलं.

काल दुपारच्या कार्यक्रमात तोच टॉवेल दाखवला. रीतिभातींची जाणकार म्हणून एक बाई बसवली होती. तिने पातळ छडीने गाठ दाखवली आणि म्हणाली, “पांढऱ्या दोरीची निरगाठ म्हणजे मयतानंतरची परतभेट. मूल हरवलेली आई ही गाठ का निवडते, हे मी काय सांगायचं?” सूत्रसंचालकाने गंभीरपणे मान हलवली, मग नूडल्सची जाहिरात लागली. संध्याकाळपर्यंत अकरा टॉवेल आमच्या कुंपणावर परत आले होते.

ताई, एवढं कर. गावच्या मंडळाला एक पत्र लिही की गाठ तू सांगितलीस. टीव्हीला नको, पोलिसांना नको, फक्त गावाला. मी सांगितलं तर म्हणतात, आता बहिणीवर ढकलतेय.

वरच्या बागेतली हिगाकी आजी तेवढी मागच्या दाराने येते. भाताचे गोळे आणि सूप आणते आणि काही विचारत नाही. काल तिच्यापाशी बसून मी बाबा गेले त्या दिवसाबद्दल बोलत सुटले, का कोण जाणे.

सायो


कानाझावा
५ डिसेंबर १९९६

प्रिय सायो,

इथे हिवाळ्यातला पहिला गडगडाट झाला. अंगणातल्या पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून माळ्याने दोऱ्या बांधून दिल्या. तुझ्याकडे अजून ऊब असेल.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. पण टॉवेलचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. लोकांची तोंडं कुणी धरलीत? आज हे, उद्या दुसरं काही मिळालं की सगळे तिकडे पळतील.

मंडळाला पत्राचं म्हणशील, तर थोडं थांबूया. तुला सांगायचं राहिलं होतं, शिओरीची सोयरीक जुळतेय. जानेवारीत मुलाकडची माणसं भेटी घेऊन येणार आहेत. घराणं मोठं आहे, चौकशीला माणसं लावतात. तुझं सासरचं आडनाव वेगळं, त्यामुळे टीव्हीवरची ती बाई माझी सख्खी बहीण आहे हे त्यांच्या लक्षात आलेलं नाही. सहीनिशी पत्र एकदा गावात गेलं की ते गावातच राहील का, तूच सांग. शिओरी तुझीही लेकच आहे. जानेवारी जाऊ दे, मग लिहिते.

आणि एक सांगू का, राग मानू नकोस. पुन्हा कॅमेऱ्यासमोर जावं लागलं तर थोडी रड. टीव्हीवर चिनामीसाठी आवाहन केलंस त्या दिवशी तू ताठ उभी होतीस. मला ठाऊक आहे तू कशी आहेस ते, पण बघणाऱ्याला काय ठाऊक?

कियोहारूला जपायला सांग. वाळवलेले मासे पाठवतेय, भातावर घ्या.

तात्सुए


कुशिगाउरा
१९ डिसेंबर १९९६

ताई,

मासे मिळाले.

जानेवारीपर्यंत थांबते. शिओरीचं चांगलं होऊ दे, मनापासून लिहितेय.

इथली खबर सांगते. कियोहारूने बागेत जायला सुरुवात केली. झाडावर फळं सडायला लागली होती आणि नुसतं बसून राहणं त्याला जमेना. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोटो छापून आला. खाली लिहिलं होतं, ‘मुलगी बेपत्ता, बाप संत्री तोडण्यात मग्न’. मग पोलीस आले आणि पेट्या वाहायची आमची ती छोटी रूळगाडी सोडवून घेऊन गेले, रक्त सापडतंय का ते बघायला. कोठाराची जमीनही उखडली. काही मिळालं नाही. “काही मिळालं नाही” हे मात्र कुठेच छापून आलं नाही.

नववर्षाच्या शुभेच्छापत्रांचा प्रश्न होता. पाठवली तर म्हणणार, बघा, पोर गेली नि हिला सण सुचतोय. ‘घरात सुतक असल्याने यंदा शुभेच्छा नाहीत’ असं कार्ड पाठवलं तर म्हणणार, म्हणजे पोर मेलीय हे हिला ठाऊक आहे. मी दोन्ही पाठवली नाहीत. काल टपाल कचेरीतली बाई दुसरीला म्हणत होती, “त्यांनी कसलंच कार्ड नाही घेतलं, बघ हं.” आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच असावं.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. परवा टीव्हीवर ‘आईच्या निकटची व्यक्ती’ म्हणून एक बाई दाखवली. पुढे घासलेल्या काचेचं दार, चेहरा नाही, आवाज बदललेला, खालच्या फटीतून फक्त पायातल्या सपाता दिसत होत्या. ती म्हणाली, “ती लहानपणापासून तशीच आहे. वडील गेले तेव्हा सगळे आत रडत होते आणि ही दारात बसून पाहुण्यांच्या चपला सरळ लावत होती.” लगेच स्टुडिओतला एक मानसतज्ज्ञ म्हणाला की ही भावनाशून्यतेची खूण आहे.

चपलांचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं, हिगाकी आजीला. दुसऱ्या दिवशी ती सूप घेऊन आली, तेव्हा मी दारातच विचारलं. ती म्हणाली, “मी? अगं, मला टीव्हीवाल्यांशी बोलता तरी येतं का?” मी म्हटलं, “उद्यापासून येऊ नका.” ती भांडं तसंच घेऊन परत गेली. वाटेत सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरलं होतं.

मी बरोबर केलं ना, ताई? तूच सांग.

सायो


कानाझावा
२७ डिसेंबर १९९६

प्रिय सायो,

चार दिवस बर्फ थांबलेलं नाही. रस्त्यावर पाण्याचे फवारे सोडलेत, तरी पावलं घसरतात.

तो कार्यक्रम मी पाहिला नाही. म्हाताऱ्या माणसांचं काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तिच्या मनात वाईट नसेलही. तुझ्या बाजूने बोलायला गेली असेल आणि त्यांनी हवं तेवढंच कापून दाखवलं असेल. फार विचार करू नकोस. आता कुणाशी न बोललेलंच बरं.

सायो, एक विचारते. मी तुझी मोठी बहीण, आई गेल्यावर तुझी वेणी मी घातलीय. त्या हक्काने विचारते. टोपी खरंच दिसली होती का? कियोहारू त्या वेळी तुझ्या नजरेसमोर होता का? काही घडलं असेल, अपघाताने, रागाच्या भरात, माणूस आहे, तर मला सांग. मी कुणाला सांगणार नाही. आणि काही नसेल, तर हे पत्र जाळून टाक.

नवीन वर्ष तुम्हाला

हे वाक्य कसं पुरं करावं कळत नाही.

तात्सुए


कुशिगाउरा
८ जानेवारी १९९७

ताई,

टोपी दिसली होती. निदान मला तसं वाटतं. इतक्यांदा सांगितलंय की आता डोळे मिटले तर टोपी दिसत नाही, मी सांगताना दिसते.

कियोहारू तेव्हा वरच्या ओळीत होता. माझ्या नजरेसमोर नव्हता. हे मी पोलिसांनाही सांगितलंय. पत्नीनेच नवऱ्याची बाजू घेतली नाही, अशी त्याचीही बातमी झाली.

तुझं पत्र जाळलं नाही. घरातून धूर निघाला की लोक वर बघतात, काय जाळताहेत म्हणून.

फोनवरच्या बाईचा प्रश्न निदान तीन शब्दांचा असतो.

सायो


कानाझावा
१५ जून १९९७

प्रिय सायो,

पावसाळा लागला. कोपऱ्यावरच्या देवळातली निळी फुलं यंदा भरभरून आली आहेत.

तुझं पत्र आलं नाही, मीही लिहिलं नाही. गेल्या रविवारी शिओरीचं लग्न पार पडलं. अगदी घरगुती केलं. तू दमलेली असशील, एवढ्या लांबचा प्रवास, शिवाय लोक विचारणार, म्हणून तुला बोलावण्याचा त्रास दिला नाही. समजून घेशील. शिओरी पांढऱ्या किमोनोत थेट आईसारखी दिसत होती.

मंडळाच्या पत्राचं माझ्या लक्षात आहे. पण आता सगळं निवळत असेल, तर खपली कशाला काढायची?

तात्सुए


कुशिगाउरा
३० नोव्हेंबर १९९८

ताई,

संत्र्यांची पेटी पाठवतेय. यंदा गोड आहेत. शिओरीलाही दे, कुणी पाठवली ते सांगितलं नाहीस तरी चालेल.

पोलिसांनी तो दुसरा फोन काढून नेला. दोन वर्षांत एकदाच वाजला होता, नंबर चुकला होता. काढायला आलेला पोरगा चांगला होता, भिंतीतलं भोक बुजवून गेला.

कॅमेरे गेले. आता कुणी काही बोलत नाही. मी दुकानात शिरले की बोलणं थांबतं, एवढंच. हिगाकी आजी रोज चार वाजता आमच्या कोठाराखालच्या वाटेने जाते, काठीने गवत झोडपत. मान वर करत नाही. बरोबर चार वाजताच, बरोबर आमच्याच हद्दीजवळून. मला हिणवायलाच जाते. जाऊ दे.

सायो


कानाझावा
९ ऑक्टोबर २०००

सायो,

हवामानाचं वाक्य नाही.

काल शिओरीच्या बाळाला पहिल्यांदा देवदर्शनाला नेलं. शिओरीची सासू माझ्याशेजारी बसली होती. प्रसादाचं पाकीट उघडता उघडता ती म्हणाली, “तुमच्या बहिणीची मुलगी सापडली का हो?” माझ्या हातातलं पाकीट खाली पडलं. ती म्हणाली, “सोयरीक ठरायच्या आधीच चौकशीवाल्याने सांगितलं होतं आम्हाला. आमची काही हरकत नव्हती. मुलगी हरवली यात बिचाऱ्या आईचा काय दोष? पण तुम्ही कधी तिचं नावसुद्धा काढलं नाहीत, लग्नालाही बोलावलं नाहीत. मी ह्यांना म्हटलं, सख्खी बहीणच बोलत नाही, म्हणजे काहीतरी असणार.”

चार वर्षं मी जे झाकलं, ते झाकायची गरजच नव्हती. आणि ज्यांना तुझ्याबद्दल संशय नव्हता, त्यांच्या मनात तो मीच घातला.

आता पुढचं. हे लिहायला तीनदा कागद घेतला. काचेच्या दारामागची ती बाई मी होते.

टीव्हीवाल्यांची एक तरुण मुलगी आली होती, थंडीने नाक लाल झालेली. दुसऱ्या दिवशी मुलाकडचे घर बघायला येणार होते आणि ती दारातून हलेना. मला वाटलं, पाच मिनिटं बोलावं म्हणजे जाईल. चपलांची गोष्ट मी तुझ्या बाजूनेच सांगितली होती. म्हटलं, तिला रडता येत नाही, ती दुःखात काम काढते, दहा वर्षांची पोर तेव्हा चपला लावत होती आणि ते बघून मलाच भरून आलं होतं. त्यांनी शेवटचं कापलं. पण तू विचारलंस तेव्हा मी म्हणाले, कार्यक्रम पाहिला नाही. ते कुणी कापलेलं नव्हतं. ते माझंच.

त्या म्हातारीला तू दार बंद केलंस ते माझ्यामुळे. आणि वर मीच तुला विचारलं, टोपी खरंच दिसली का.

मला येऊ दे. बासष्ट घरं मी फिरते. गाठ मी सांगितली हे माझ्या तोंडाने सांगते. तू नको म्हणालीस तरी येईन, पण तू ये म्हणावंस.

तात्सुए


कुशिगाउरा
१७ ऑक्टोबर २०००

ताई,

मला माहीत होतं.

सपाता दिसल्या तेव्हाच कळलं. जांभळ्या कडेच्या, पुढे बारीक पांढरं भरतकाम. तुझ्या पन्नाशीला मीच पाठवल्या होत्या, मात्सुयामात तीन दुकानं हिंडून. आजीला मी नुसतं चपला लावत होते असं सांगितलं होतं, दारात बसून हे मी सांगितलंच नव्हतं. दारातून मला पाहणारी तू एकटी होतीस.

तरी सकाळी आजी सूप घेऊन आली तेव्हा मी तिलाच विचारलं. शेजारीण गेली तर चालणार होती. बहीण एकच होती. ती गेली असती तर मला कुणीच उरत नव्हतं, म्हणून मी दुसऱ्या कुणावर तरी आळ घेतला. मी काय करतेय हे मला पुरतं कळत होतं. आणि तुला तसं पत्र लिहिलं ते तू म्हणावंस म्हणून, “सायो, आजी नव्हे, मी.” मी वाट पाहिली. बर्फाचं वाक्य आलं.

तेव्हा तू एकटीच गुन्हेगार आहेस असं समजू नकोस. गावाने माझं जे केलं, ते मी त्या म्हातारीचं केलं. गावाला निदान खरं माहीत नव्हतं.

ये. पण मी तुझ्याबरोबर घरोघर येणार नाही, माझ्यात तेवढा जीव नाही. हिगाकी आजी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुलीकडे गेलीय, महिनाअखेरीला येईल. तिच्याकडे तू जाऊ नकोस. तिथे मला जायचंय.

कियोहारू म्हणतो, ताई आल्या तर वरची खोली झाडून ठेवतो.

सायो


कानाझावा
२९ ऑक्टोबर २०००

प्रिय सायो,

तीन दिवस मी हिंडत होते आणि संध्याकाळी तुझ्यासमोर जेवायला बसले, की तू काही विचारत नव्हतीस आणि मला सांगवत नव्हतं. म्हणून घरी येऊन लिहितेय.

बासष्टांपैकी चोपन्न घरं उघडी मिळाली. प्रत्येक दारात वाकून मी तेच म्हटलं, “चार वर्षांपूर्वीच्या टॉवेलवरची गाठ मी सांगितली होती. चूक माझी, माझ्या बहिणीची नाही.”

पहिल्या घरातली बाई म्हणाली, “टॉवेल? कुठला टॉवेल?” मला वाटलं, वेड घेऊन पेडगावला चाललीय. पण तिला खरंच आठवत नव्हतं. नवऱ्याला हाक मारली, त्यालाही आठवेना. एकजण म्हणाला, “अहो, मस्त होता, गाडी पुसायला अजून वापरतो.” अग्निशमन पथकाचे प्रमुख म्हणाले, “आम्ही कधी काही म्हटलं नाही हो, ते सगळे टीव्हीवाले.” टपाल कचेरीतल्या बाईने मला चहा दिला आणि म्हणाली, “तुम्ही उगीच एवढ्या लांबून आलात, सायोसानना आम्ही सगळे आपलंच मानतो.” सायो, चोपन्न घरांत एकही घर असं निघालं नाही, जिथे कुणी काही म्हटलं होतं.

मी मार खायच्या तयारीने आले होते. शिव्या पडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांचं ते तीन आठवड्यांचं बोलणं होतं, संपलं. तुझा त्यात जन्म गेला आणि त्यांच्या तोंडाला चवही राहिलेली नाही.

निघताना स्टेशनवर तू माझ्या पिशवीत संत्री घातलीस. मला तुझे पाय धरायचे होते. गाडी आली.

तात्सुए


कुशिगाउरा
५ नोव्हेंबर २०००

ताई,

आजी परवा परत आली. काल मी गेले. रिकाम्या हाताने गेले. काय नेलं असतं?

ती ओट्यावर मुळे सोलत बसली होती. डोळ्यावर अजून पट्टी आहे. मी खाली जमिनीवर बसून डोकं टेकवलं आणि म्हणाले, “टीव्हीवर तुम्ही बोलला नव्हतात. मला तेव्हाच ठाऊक होतं. तरी मी तुमच्यावर आळ घेतला.”

हातातला मुळा तिने पुरता सोलला. मग म्हणाली, “मला काय ठाऊक नव्हतं होय? असल्या सपाता या गावात कुणाकडं आहेत? आणि तुझ्या बापाच्या त्या दिवसाचं घरच्या माणसाशिवाय कोण सांगणार?”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“काय बोलू? बहिणीचं नाव घेऊ? पोर गेली, तुझी बहीणपण घालवू?” मुळा पाण्यात टाकला. “राग आला मला, सायो. अजून आहे. चार वर्षं सवयीनं सूप जास्त होतं आणि एकटीनं प्यावं लागतं. तो काही जायचा नाही. पण राग वेगळा आणि पोर वेगळी.”

ती उठून आत गेली आणि कपाटातून टॉवेल घेऊन आली. पांढरी दोरी, निरगाठ, जसा दिला तसा. कागद पिवळा पडलाय.

“उघडला नाहीत?” मी विचारलं.

“कशाला उघडू? शोध संपला म्हणून दिलेला ना हा? माझा कुठं संपलाय?”

मला कळेना. ती म्हणाली, “रोज चारला जाते ना मी खालनं. शाळा सुटायची वेळ. तुझ्या कोठाराखालचा पाट, बांबूचं बेट, जुनी विहीर. काठीनं गवत बाजूला करून बघायचं, एक हाक मारायची आणि वर यायचं. ऑपरेशनला गेले तेवढेच दिवस चुकले.”

“मला वाटलं, तुम्ही मला हिणवायला जाता.”

“हिणवायला डोंगर कशाला चढू गं? माझे गुडघे बघ जरा.”

ताई, आम्ही दोघांनी शोधणं कधीच थांबवलं होतं. कियोहारूने तिसऱ्या वर्षी, मी त्याच्याही आधी. मी बागेतून खाली बघायचे ते फक्त कुणी माझ्याकडे बघतंय का, ते बघायला. आणि ही बाई, जिला मी दारातून घालवलं, ती माझ्या पोरीला रोज हाक मारत होती.

मी रडले. तिच्या ओट्यावर, तोंड उघडं टाकून, नाक गळेपर्यंत. ती थांब म्हणाली नाही. मुळे सोलत राहिली आणि शेवटी कमरेचा ओला पंचा पुढे केला. टॉवेल तिने दिला नाही, तो परत कपाटात ठेवला. म्हणाली, “हा चिनामीला. ती आल्यावर उघडू.”

त्या लाल नाकाच्या मुलीचा पत्ता तुझ्याकडे असेल तर तिला कळव, की आई रडली. चार वर्षं उशीर झालाय, त्यांच्या काही उपयोगाचं नाही.

आज चार वाजता आम्ही दोघी खाली जाऊन आलो. ती पाटाच्या अलीकडे, मी पलीकडे. हाक मारताना माझा आवाज आधी फुटेना, मग फुटला. काही सापडलं नाही. उद्या पुन्हा जाऊ.

इथे दोन दिवस ढग आहेत, पाऊस नाही. संत्र्यांना खालून रंग भरतोय, पुढच्या आठवड्यात तोडणी धरू. हवामानाचं वाक्य शेवटी आलं, चालवून घे.

सायो